यंत्र सुरू न झालेला दसरा

पाऊस पुरता गेला की डोंबिवलीशेजारच्या कोपरमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरचं ऊन बदलतं. चार महिने कठड्याला चिकटलेलं शेवाळ हिरव्याचं काळं होतं आणि नखाने खरवडलं तर पापुद्र्यासारखं सुटून येतं. कपाटातल्या गोधड्या, दमट उशा, कुबट वास लागलेली पुस्तकं एकेक करून वर येतात. खाडीच्या बाजूने चतुर येतात आणि पाण्याच्या टाकीभोवती घिरट्या घालत राहतात. शेजारच्या बायका पदराने मान पुसत म्हणतात, "मे परवडला, पण हा ऑक्टोबर नको." मीही मान हलवते. मनातून मात्र मला हे ऊन आवडतं. पावसाने धुतलेल्या हवेतून ते सरळ येतं, आणि गच्चीवर उभं राहिलं की दूरचे डोंगरही हात लावण्याइतके जवळ वाटतात.

आवडण्याचं आणखी एक कारण आहे. माझं पोटच आता या उन्हावर आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा रसायन कारखान्यात मी इंजिनिअर आहे. औषधांना लागणारा कच्चा माल आम्ही बनवतो, आणि तो बनवायला हायड्रोजन लागतो. पूर्वी तो ट्रकमधून यायचा, लांबलचक लाल नळकांड्यांत भरून. तो नैसर्गिक वायूपासून बनलेला असायचा, आणि तो बनताना जो धूर व्हायचा तो कुठल्यातरी दुसऱ्या गावाच्या आभाळात जायचा. आता आम्ही हायड्रोजन आमच्याच आवारात, पाण्यापासून बनवतो. पाण्यात वीज सोडली की एका बाजूने हायड्रोजन निघतो, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन. शाळेतल्या प्रयोगशाळेत दोन नळ्या उलट्या धरून करायचो तोच हा प्रयोग, फक्त एका खोलीएवढा. थोडी वीज आमच्या छपरावरच्या पॅनेलमधून येते, बाकीची घाटावरच्या एका सौर प्रकल्पातून तारांवरून. ढगाळ दिवसांत सगळंच मंदावतं. म्हणून पाऊस सरला की आमच्या कारखान्यात जरा सणासारखं असतं.

ऑक्टोबर आला की मला तो एक ऑक्टोबर हमखास आठवतो. यंत्र बसवलं तेव्हाचा.

त्याआधी सुनंदाताईंबद्दल सांगायला हवं. त्या माझी नणंद, अजितची मोठी बहीण. एमआयडीसीच्या निवासी भागात त्यांची इमारत आहे, आणि त्यांच्या फाटकात नि आमच्या कारखान्याच्या भिंतीत फक्त एक रस्ता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एका कारखान्यात स्फोट झाला होता. ताई तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कुकर लावत होत्या. काच आत आली, पण कशी कोण जाणे, चेहरा वाचला. डावा कान मात्र गेला. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पुढे दोनेक वर्षं त्यांनी रेटून नेलं, पण वर्गात डाव्या बाजूला बसलेलं मूल बोललं की त्यांना कळायचंच नाही. एकदा एक मुलगी बाई बाई करत रडायला लागली आणि ताई फळ्यावर लिहीत राहिल्या. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेंगा सोलता सोलता, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

तर कारखान्यात नवीन काय येतंय हे मी त्यांना त्यांच्याच घरी बसून सांगितलं. मला वाटलं होतं, बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

"ट्रक येणं बंद होईल, ताई," मी म्हटलं. "एवढी भरलेली नळकांडी तुमच्या दारासमोरून जातात ना, ती जाणार नाहीत. आम्हाला लागेल तेवढाच वायू बनवायचा आणि लगेच वापरायचा."

त्या उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होत्या. "वास कसा असतो त्याचा?"

"वास नसतो."

"रंग?"

"रंगही नाही."

"आणि पेटला तर?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दिवसाउजेडी ज्वाळ दिसत नाही त्याची."

आमच्या भागात लोकांची नाकं तयार झालेली असतात. आंबट वास आला की खिडक्या लावायच्या, कुजक्या अंड्यांसारखा आला की मुलांना घरात बोलवायचं, हे कोणी शिकवत नाही. नाकावर भरवसा ठेवून इथे माणसं राहतात. आणि मी त्यांना अशा वायूबद्दल सांगत होते, जो नाकालाही सापडत नाही आणि डोळ्यांनाही.

"मग कळणार कसं ग?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला यंत्रांवर कळेल. आम्हाला?"

माझ्याकडे उत्तरं होती. हायड्रोजन हवेपेक्षा खूप हलका असतो, उघड्यावर सुटला तर साठून न राहता सरळ वर निघून जातो. म्हणून आम्ही यंत्र बंद खोलीत न ठेवता उघड्या शेडखाली ठेवणार होतो. जागोजागी वायू ओळखणारी उपकरणं बसणार होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तू हुशार आहेस, मेघना. पण तेव्हाही तिथे हुशार माणसं असणारच ना."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीने पार्किंगमध्ये मीटिंग घेतली आणि कारखान्याच्या वतीने मी गेले. लोक रागावले नव्हते, थकलेले होते. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, दर वेळी कोणीतरी येऊन सांगतं की हे सेफ आहे." ताई खुर्चीवर बसून होत्या. बोलल्या काहीच नाहीत. पण विरोधात हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांचाही हात वर गेला, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. घरी आल्यावर अजितला सांगितलं. तो भांडी विसळत होता, नळ बंद करून म्हणाला, "तिच्या जागी मी असतो तर मीही केला असता." आणि नळ पुन्हा सोडला.

सोसायटीचा विरोध सरकारदरबारी गेला, तपासणीला माणसं आली, आणि रीतसर परवानगी मिळाली. म्हणजे कागदोपत्री आम्ही जिंकलो होतो. तरी त्या रस्त्याने जाताना मी ताईंच्या खिडकीकडे बघायचं टाळायला लागले.

यंत्र आलं ते गणपती गेल्यानंतर. मांडवांचे बांबू अजून रस्त्याकडेला पडलेले होते आणि क्रेनला वळायला जागा नव्हती. आमचे मालक बापटसाहेब स्वतः रस्त्यावर उभे राहून बांबू उचलायला लावत होते. ठाण्याच्या नौपाड्यात राहणारे, सत्तरी ओलांडलेले, शिपायालाही अहो-जाहो करणारे गृहस्थ. त्यांच्या वडिलांनी हा कारखाना सुरू केला होता. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की यापुढे ज्यांचा माल स्वच्छ ऊर्जेवर बनतो त्यांच्याकडूनच घेऊ. त्यामुळे बापटसाहेबांसाठी ते यंत्र म्हणजे कारखाना पुढच्या पिढीला राहणार की नाही याचं उत्तर होतं. मुलगी पुण्याला डॉक्टर, या धंद्यात येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते "पुढची पिढी" म्हणायचे, आणि म्हणताना आमच्याकडे बघायचे.

देखभालीचं काम रेमंडकडे होतं. तो ठाण्याचा, खाडीकाठच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. त्याच्या आजोबांची भातशेती होती, आता तिथे टॉवर आहेत, पण घरामागे एक तुकडा त्याच्या आईने राखलाय. ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेण्याचा त्यांचा सण असतो, आगेरा. त्यानंतरच्या सोमवारी रेमंड आमच्यासाठी त्या भाताची लोंबी आणायचा आणि कंट्रोल रूमच्या दारावर लावायचा. दसऱ्याला पंपांना झेंडूच्या माळा घालायचं कामही वर्षानुवर्षं त्याचंच. "माझ्याएवढी सरळ माळ कोण बांधतो सांगा," असं म्हणायचा, आणि खरंच कोणी बांधत नसे.

त्या ऑक्टोबरात आम्ही दोघं उन्हात करपून निघालो. पाइपाचा प्रत्येक जोड तपासायचा होता. आधी न पेटणारा नायट्रोजन भरून दाब ठेवायचा, साबणाचं पाणी लावायचं, फुगा येतो का ते बघायचं. शेडचा पत्रा इतका तापायचा की दुपारी वरून उष्णता डोक्यावर ओतल्यासारखी वाटायची. यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर, बडोद्याचा, आमच्या हातातला लांब दांड्याचा झाडू बघून हसला होता. ही जुनी पद्धत आहे. हायड्रोजनच्या जागी चालताना झाडू पुढे धरायचा. कुठे न दिसणारी ज्वाळ असेल तर आधी झाडू पेटतो, माणूस वाचतो. उपकरणं होती तरी रेमंडने झाडू आणलाच, आणि आणताना मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे याची पूजा करतात ना दिवाळीला? मग यंदा इथेच करू." आम्ही दोघं हसलो. बडोद्याच्या माणसाला अर्थ सांगितल्यावर तोही हसला.

नायट्रोजनच्या चाचण्या पार पडल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्र थोडा वेळ चालवून बघितलं. पाण्यातून वायू निघायला लागला तेव्हा आवाज असा काहीच नव्हता, नुसती एक बारीक घरघर आणि पडद्यावर चढणारा आकडा. तरी आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. बापटसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "पाणी," एवढंच म्हणाले ते.

दसऱ्याच्या दिवशी अकराचा मुहूर्त होता. गिऱ्हाइकाचे प्रतिनिधी येणार होते, शेजारचे कारखानदार येणार होते, ताईंच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही आग्रहाचं आमंत्रण होतं. शेडला झेंडूचं तोरण, आपट्याच्या पानांचा ढीग, एका टेबलावर नारळ. केटरिंगवाला मठ्ठ्याचं पिंप ठेवून गेला होता. मुहूर्ताआधी एकदा तपासायला म्हणून मी सकाळी यंत्र सुरू केलं आणि हातातलं उपकरण घेऊन पाइपाच्या कडेने चालत गेले. वायू दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पुढच्या एका जोडापाशी ते वाजलं.

मला वाटलं, भास झाला. मागे आले, पुन्हा गेले. पुन्हा वाजलं.

रेमंडने साबणाचं पाणी लावलं. बराच वेळ काही नाही. मग एक फुगा आला, मोहरीएवढा, आणि फुटला. मग दुसरा.

हायड्रोजनचं हे असंच आहे. नायट्रोजन जिथे अडून राहतो तिथून हा वाट काढतो. आम्ही दाब उतरवला, पाइप नायट्रोजनने धुऊन घेतला, जोड उघडून पुन्हा बसवला, आणि पुन्हा सुरू केलं. उपकरण पुन्हा वाजलं. बडोद्याचा इंजिनिअर घड्याळाकडे बघत म्हणाला, "मॅडम, खुली जगह है. इतना तो उड जाता है. आज चला लेते हैं, कल बंद करके आराम से देखेंगे."

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. उघड्या जागेत तेवढा वायू वर निघून गेलाही असता. कदाचित काहीच झालं नसतं. फाटकापाशी गाड्या यायला लागल्या होत्या. मी रेमंडकडे बघितलं. तो फडक्याने हात पुसत होता. "तुम्ही सांगाल तसं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझं म्हणाल तर मला तो जोड आवडलेला नाय."

मी यंत्र बंद केलं.

बापटसाहेब नवं धोतर नेसून, उपरणं सावरत पाहुण्यांशी बोलत होते. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा क्षणात उतरला. "आजच कळायचं होतं का तुम्हाला?" ते हळू आवाजात म्हणाले. "काल चाललं ना? ही माणसं किती लांबून आली आहेत." मी म्हटलं, "साहेब, काल थोडाच वेळ चालवलं होतं. तो जोड बदलावा लागेल. दुसरी सामग्री मागवावी लागेल." "म्हणजे कधी?" "दिवाळीनंतर." ते शेडकडे बघत उभे राहिले. मला वाटत होतं, आता ते म्हणतील, करा सुरू. म्हणाले असते तर मी काय केलं असतं याचा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला. नाही म्हटलं असतं, असं मला वाटतं. पण ती वेळ त्यांनी येऊ दिली नाही. वळून पाहुण्यांकडे गेले आणि म्हणाले, "मंडळी, एका जोडातून गळती सापडली आहे. आज यंत्र सुरू होणार नाही. पूजा होईल, जेवण होईल. आपण घाईने जाऊ नका."

पूजा झाली. थांबलेल्या यंत्रापुढे नारळ फुटला. परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस नम्रपणे जिलेबी खात होता. त्यानंतर बरेच दिवस बापटसाहेब माझ्याशी कामापुरतंच बोलले. रागाने नव्हे बहुतेक. माझ्याकडे बघितलं की त्यांना ती सकाळ आठवत असावी.

आणि सोसायटीच्या अध्यक्षांबरोबर "गळती" हा शब्द रस्ता ओलांडून गेला. संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या इमारतींत पोचला होता. बघा, पहिल्याच दिवशी. बघा, आम्ही म्हणत होतो. मी फोन उलटा ठेवून दिला. दिवाळीचे कंदील लागले, फराळाचे वास सुटले, आणि मला एकाच दिवसाची धास्ती होती, भाऊबीजेची. दर वर्षी अजित ताईंकडे जातो, मी बरोबर असते. काही कारण काढून घरी राहावं असं वाटत होतं. अजितने साडी काढून पलंगावर ठेवली आणि म्हणाला, "चल. बोलली तर बोलेल."

ताईंनी ओवाळलं, जेवायला वाढलं. बासुंदी होती. अजित टीव्हीसमोर बसल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या आणि मी नकळत त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"केवढी होती गळती?" त्यांनी विचारलं.

"मोहरीएवढा फुगा येत होता, ताई. थांबून थांबून."

"आणि माणसं जमली होती सगळी."

"हो."

"मग थांबा कोण म्हणालं?"

"मी," मी म्हटलं. "रेमंडपण होता बरोबर. पण बंद मी केलं."

त्यांनी बासुंदीचं भांडं उगाचच पुसलं. खिडकीबाहेर आमच्या कारखान्याची भिंत होती, तिच्यावरून शेडचं छप्पर दिसत होतं. त्या तिकडे बघत राहिल्या.

"तेव्हा तिथेही कोणाला तरी कळलं असणार," त्या म्हणाल्या. "माझ्या मनात नेहमी येतं ते. कोणीतरी पाहिलं असणार, ऐकलं असणार. पण थांबा म्हणायचं धाडस झालं नसेल. नाहीतर म्हटलं असेल आणि कोणी ऐकलं नसेल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुरुस्त झालं की मला सांग. मला बघायचंय."

मला रडू आलं आणि त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं.

यंत्र सुरू झालं ते दिवाळीनंतरच्या एका साध्या मंगळवारी. तोरण नाही, पाहुणे नाहीत. बापटसाहेब घरचा डबा घेऊन आले होते. उपकरण घेऊन मी सगळ्या पाइपांच्या कडेने फिरले, ते गप्प राहिलं. दुपारच्या उन्हात आमचा पहिला हायड्रोजन, माल बनतो त्या मोठ्या रिॲक्टरमध्ये गेला आणि आतला दाब हळूहळू उतरायला लागला, म्हणजे वायू मालात मुरत होता. संध्याकाळी निघताना बापटसाहेब माझ्यापाशी थांबले. "त्या दिवशी मी सुरू करा म्हटलं असतं, तरी तुम्ही माझं ऐकलं नसतं, हो ना?" मी म्हटलं, "नसतं, साहेब." ते म्हणाले, "बरं झालं मी म्हटलं नाही," आणि मिस्कील हसले. त्या गिऱ्हाइकाचं पत्र पुढे आलं, ऑर्डर राहिली. त्यांच्या माणसाने बापटसाहेबांना फोनवर सांगितलं म्हणे की बंद यंत्राच्या पूजेचं त्याने तिकडे सगळ्यांना सांगितलं.

ताई आल्या, फिरल्या, प्रश्न विचारले. मग महिन्याच्या सरावाला येऊ लागल्या. आम्ही भोंगा वाजवून धोक्याचा सराव करतो, त्या वेळी. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी सांगितलं की त्यांच्या स्वयंपाकघरात, नळ चालू असला की, भोंगा ऐकू येत नाही, आणि इमारतीत त्यांच्यासारखी म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. आता आमच्या भिंतीवर भोंग्याबरोबर फिरणारा दिवाही आहे. ट्रक यायचे बंद झाले तशी त्या रस्त्यावर संध्याकाळी मुलं बॅडमिंटन खेळतात. हवा बदलली असं मी म्हणणार नाही. एका कारखान्याने एवढ्या मोठ्या भागाची हवा बदलत नाही. पण आता दुसरेही कारखाने विचारायला येतात, यंत्र कसं आहे, केवढ्याला पडतं, पावसाळ्यात कसं भागवता.

यंदा असंच शहाडजवळच्या एका कारखान्याने बोलावलं. त्यांनाही हायड्रोजन स्वतः बनवायचाय आणि त्यांच्याही शेजारच्या वस्तीची हरकत आहे. मी ताईंना विचारलं, याल का. गेल्या रविवारी आम्ही दोघी रिक्षाने गेलो. नदीच्या बाजूला पिवळं पडत आलेलं गवत होतं, ऊन डोळ्यांवर येत होतं. सभागृहात पंखे गरगरत होते आणि तिथली माणसं तशीच होती, थकलेली, हाताची घडी घालून बसलेली. कारखान्याच्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. सुरक्षा कशी चोख आहे ते सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी आमचा अनुभव सांगितला, गळतीसकट.

मग ताई उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहत असाव्यात तशा, ताठ, हात मागे.

"हे सुरू कोण करणार ते तुम्ही सांगितलंत," त्या साहेबांना म्हणाल्या. "बंद कोण करणार? पाहुणे दारात आले असतील, मुहूर्त असेल, आणि कोणाला काही खटकलं, तर कोणालाही न विचारता बंद कोण करू शकतं तुमच्याकडे? मला हुद्दा नको. माणूस सांगा."

साहेब जरा गोंधळले. त्यांनी बाजूच्या माणसाकडे बघितलं, त्याने मागे बघितलं. मग दुसऱ्या रांगेत कारखान्याच्या कामगारांत बसलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक मध्यमवयीन माणूस उभा राहिला. त्याने आपलं नाव सांगितलं. ताईंना नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्याने ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं. आणि कोणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाला, "मी इथेच राहतो. स्टेशनच्या पलीकडे, मुलाबाळांसकट."